पूरन, क्लासेन आणि आपला वाटा

जून २०२५ मध्ये, आयपीएलचा हंगाम संपण्याच्या सुमारास, निवृत्तीच्या दोन बातम्या पाठोपाठ आल्या. दक्षिण आफ्रिकेच्या हेनरिक क्लासेनने वयाच्या ३३ व्या वर्षी आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा निरोप घेतला आणि आठवडाभराने वेस्ट इंडीजच्या निकोलस पूरनने तोच निर्णय जाहीर केला. पूरनचे वय होते अवघे २९. वेस्ट इंडीजकडून सर्वाधिक, म्हणजे १०६ आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सामने त्याच्या नावावर होते आणि पुढचा टी-ट्वेंटी विश्वचषक आठ-नऊ महिन्यांवर आला होता. त्या वर्षीच्या आयपीएलसाठी क्लासेनला हैदराबादने २३ कोटींना, तर पूरनला लखनऊने २१ कोटींना राखून ठेवले होते. दोघांनी बॅट खाली ठेवली नाही, लीगचे, म्हणजे आयपीएलसारख्या खासगी संघांच्या स्पर्धांचे सामने सुरूच ठेवले. थांबले ते फक्त देशाचे सामने.

संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरून झाल्यावर आम्ही काही जण जिथे बसतो, तिथे या दोन बातम्यांवर एकच निवाडा झाला. पैसा मोठा झाला, देश लहान झाला, असे सगळे म्हणाले. मलाही पूरनचा निर्णय लागला, कारण त्याचा बहर अजून शिल्लक होता आणि वेस्ट इंडीजच्या क्रिकेटवर आमच्या पिढीने जीव लावला आहे. तरीही हा निवाडा मला पटला नाही. खेळाडूच्या निष्ठेवर बोट ठेवून आपण मोकळे होतो आणि त्याच्यापुढे ही निवड कुणी आणून ठेवली, हे विचारायचे राहून जाते. त्या प्रश्नाच्या उत्तरात भारतीय क्रिकेटचा, म्हणजे आपण प्रेक्षक म्हणून ज्याला पोसतो त्या व्यवस्थेचा, फार मोठा वाटा आहे.

पूरनच्या निवृत्तीनंतर महिनाभराने काय घडले ते आधी पाहू. १३ जुलै २०२५ रोजी अमेरिकेत डॅलसजवळच्या मैदानावर मेजर लीग क्रिकेटचा अंतिम सामना झाला आणि पूरनच्या नेतृत्वाखाली एमआय न्यूयॉर्कने विजेतेपद मिळवले. दुसऱ्याच दिवशी किंग्स्टनच्या सबाइना पार्कवर वेस्ट इंडीजचा कसोटी संघ ऑस्ट्रेलियासमोर विजयासाठी २०४ धावांचा पाठलाग करायला उतरला. मिचेल स्टार्कने पहिल्याच षटकात तीन बळी घेतले, तेव्हा फलकावर एकही धाव लागलेली नव्हती. पंधरा चेंडूंत त्याचे पाच बळी पूर्ण झाले, स्कॉट बोलंडने हॅटट्रिक घेतली, सात फलंदाज शून्यावर परतले आणि पंधरा षटकेही पुरी होण्याआधी संघ २७ धावांत संपला. कसोटीच्या इतिहासात याहून कमी धावसंख्या एकच आहे, ती म्हणजे न्यूझीलंडची १९५५ मधली २६. ज्या मैदानावर मायकल होल्डिंग घरच्या प्रेक्षकांसमोर धावत यायचा आणि समोरच्या फलंदाजाला घाम फुटायचा, त्याच मैदानावर हे घडले.

पूरन असता तर संघ वाचला असता, असे मी म्हणत नाही. पूरन आयुष्यात एकही कसोटी खेळलेला नाही, आणि दुखणे नेमके तिथेच आहे. एवढ्या गुणवत्तेच्या फलंदाजाच्या संपूर्ण कारकिर्दीत कसोटी क्रिकेटची वाट त्याच्या दारावरून कधी गेलीच नाही, आणि त्याचेही त्यावाचून काही अडले नाही. स्टार्कचे उदाहरण याच्या बरोबर उलट आहे. सबाइना पार्कवरचा तो त्याचा शंभरावा कसोटी सामना होता आणि त्यात त्याने ९ धावांत ६ बळी घेतले. २०१५ नंतर २०२३ पर्यंतच्या आठ हंगामांत तो आयपीएलचा एकही सामना खेळला नाही. परतला तेव्हा कोलकात्याने त्याच्यावर २४ कोटी ७५ लाखांची बोली लावली, आणि पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सोडली तीही कसोटीसाठी ताकद राखून ठेवण्याकरिता. स्टार्कचा मला मनापासून आदर आहे. पण त्याला हा संयम परवडला, कारण ऑस्ट्रेलियाचे मंडळ आपल्या करारबद्ध खेळाडूंना भरपूर मानधन देते आणि वर्षभर भरगच्च कसोटी कार्यक्रमही देते. वेस्ट इंडीजच्या मंडळाकडे यातले काहीच पुरेसे नाही. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये मानधनाच्या वादावरून त्यांचा संघ भारताचा दौरा अर्धवट टाकून धरमशालेहून परत गेला होता, तेव्हाच ही भेग सगळ्या जगाला दिसली होती. स्टार्कच्या निष्ठेमागे पाठबळ होते. पूरनकडे ते नव्हते, म्हणून त्याला निष्ठाहीन ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजायला फार लांब जावे लागत नाही. भाऊसाहेब निंबाळकर इथेच जन्मले आणि २०१२ च्या डिसेंबरमध्ये, वयाची ९३ वर्षे पूर्ण व्हायला एक दिवस उरला असताना, इथेच वारले. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध खेळताना त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा तेव्हाचा नाबाद ४५२ धावांचा विश्वविक्रम फक्त नऊ धावांवर होता, आणि उपाहारानंतर एक-दोन षटके मिळाली असती तर तो मोडलाही असता. पण राजकोटचे ठाकोरसाहेब काठियावाडचे कर्णधार होते. आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम नोंदला जावा हे त्यांना रुचले नाही, आणि त्यांनी सामना सोडून देऊन संघ मैदानावरून नेला. रणजी सामन्यांत निंबाळकरांच्या त्या ४४३ च्या पुढे आजवर कुणी गेलेले नाही. तरीही एवढी मोठी खेळी नावावर असणाऱ्या या माणसाला भारताकडून एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. महाराष्ट्र, बडोदा, होळकर, रेल्वे अशा वेगवेगळ्या संघांकडून ते वर्षानुवर्षे खेळत राहिले आणि बीसीसीआयने सी. के. नायडू पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला तो २००२ मध्ये, म्हणजे त्यांनी ऐंशी ओलांडल्यावर.

खेळाडूने देशाला निवडावे असे आपण म्हणतो तेव्हा देशाने खेळाडूला निवडलेले असते, असे आपण गृहीत धरतो. निंबाळकरांच्या बाबतीत ते झाले नाही, आणि त्यांच्यापुढे दुसरे दारही नव्हते. निवड समितीच्या मनात आले तर खेळाडू भारताचा, नाही आले तर तो रणजीतच म्हातारा होणार, ही व्यवस्था पुढे कित्येक दशके चालली. लीगने दुसरे दार उघडले ही गोष्ट मी मनापासून चांगली मानतो. ज्याला देशाच्या संघात जागा मिळणार नाही, त्याच्याही घामाला मोल मिळू लागले.

शास्त्रीनगरच्या मैदानावर माझा भाचा सरावाला जातो, तेव्हा जाळीबाहेर थांबलेल्या पालकांशी बोलणे होते. शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत काम करणारे एक गृहस्थ पहिली पाळी संपवून मुलाला घेऊन येतात. कपड्यांवर अजून वाळूचे डाग असतात आणि खांद्यावर मुलाचे किट. मुलाला पुढे काय व्हायचे आहे असे मी विचारले, तर ‘आयपीएल खेळायचं म्हणतोय’ असे उत्तर आले. भारताकडून खेळायचे नाही का, असे मी सहज विचारले. ते शांतपणे म्हणाले, “दादा, इंडियाच्या टीममधी पंधरा जण असत्यात. आयपीएलला दहा टीम हाईत, एकेका टीममधी पंचवीस-पंचवीस पोरं. बापानं कुठला हिशेब करायचा, तुम्हीच सांगा.” त्यांच्या बोलण्यात देशाबद्दल अनादर नव्हता. पगारातून किट, शूज आणि अकादमीची फी भागवणाऱ्या माणसाने मुलाच्या भवितव्याची शक्यता मोजली होती, एवढेच. पूरनच्या घरी वेगळा हिशेब झाला असेल असे मला वाटत नाही.

देशासाठी सर्वस्व पणाला लावण्याच्या गोष्टी कोल्हापुरात कमी नाहीत. राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक ठरले. शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवी. पण याच गोष्टीत आणखी एक तथ्य आहे, ते म्हणजे देशाच्या मल्लाला देशाने पाठवले नाही, एका प्राचार्याच्या घराने पाठवले. त्यागावर उभी असलेली क्रीडाव्यवस्था एखाद्या पिढीत एखादा खाशाबा देऊन जाते आणि उरलेले शंभर जण गावी परततात, त्यांची नावेही कुठे उरत नाहीत. आज एखादा तरुण त्यागाला नकार देतो, तेव्हा त्याच्यावर रागावण्याआधी त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा ठेवणाऱ्यांनी त्याला काय दिले, हे तपासले पाहिजे.

इथल्या फुटबॉलमध्ये हा प्रश्न आपण फार आधीपासून अनुभवतो आहोत. पाटाकडील आणि खंडोबा हे तालमींचे संघ, म्हणजे पेठांचे संघ. मंगळवार पेठेत वाढलेला खेळाडू शिवाजी पेठेकडून उतरला की शाहू स्टेडियमच्या गॅलरीत काय ऐकू येते, ते मी लिहून दाखवण्याची गरज नाही. तरीही खेळाडू संघ बदलतात आणि परदेशी खेळाडूही इथल्या मातीत येऊन खेळून जातात. जी तालीम खेळाडूच्या दुखापतीचा खर्च उचलते, त्याच्या नोकरीसाठी शब्द टाकते आणि पडत्या काळात त्याला सांभाळते, तिचा खेळाडू सहसा जात नाही. जी फक्त पेठेच्या अभिमानावर त्याला धरून ठेवू पाहते, तिचा जातो. पेठेवरचे प्रेम दोघांनाही सारखेच असते.

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये बांगलादेशाविरुद्धची घरची कसोटी मालिका सोडून रबाडा, मार्करम, यान्सन, एन्गिडी, व्हॅन डर डुसेन हे खेळाडू आयपीएलला आले. कर्णधार डीन एल्गरने त्याआधी ही निष्ठेची कसोटी असल्याचे म्हटले होते. राहिलेल्या संघाने ती मालिका २-० ने जिंकली आणि केशव महाराज व सायमन हार्मर या दोन फिरकीपटूंनी बांगलादेशाला दर्बानमध्ये ५३ आणि पुढच्या सामन्यात ८० धावांत गुंडाळले. जानेवारी २०२३ मध्ये एसए-ट्वेंटी ही नवी लीग सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठी त्यांच्या मंडळाने ऑस्ट्रेलियातली एकदिवसीय मालिका सोडून दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर न्यूझीलंडच्या कसोटी दौऱ्यावर पाठवलेल्या १४ जणांच्या संघात सात जणांनी एकही कसोटी खेळलेली नव्हती, आणि खुद्द कर्णधार नील ब्रँड पदार्पण करत होता. ती मालिका दक्षिण आफ्रिकेने २-० अशी गमावली. न्यूझीलंडने त्यांच्याविरुद्ध जिंकलेली ती पहिलीच कसोटी मालिका.

त्या वेळी मी फार अस्वस्थ झालो होतो. एखाद्या देशाचे मंडळच आपला कसोटी संघ दुय्यम मानू लागले, तर खेळाडूंनी कुणाकडे बघायचे? पण पुढच्याच वर्षी, १४ जून २०२५ रोजी, लॉर्ड्सवर टेम्बा बवूमाच्या दक्षिण आफ्रिकेने ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटी अजिंक्यपद जिंकले. रबाडाने सामन्यात नऊ बळी घेतले आणि चौथ्या डावात मार्करमने १३६ धावा केल्या. तीन वर्षांपूर्वी आयपीएल निवडणारे हेच ते दोघे होते. त्यांच्या मनातून देश गेला असता, तर लॉर्ड्सवर ते असे खेळले नसते. लीगच्या उत्पन्नावर मंडळ तग धरू शकेल, हे त्यांच्या पदाधिकाऱ्यांचे म्हणणेही अगदीच पोकळ नव्हते, असे आता मान्य करावे लागते.

न्यूझीलंडने यातून आणखी वेगळा मार्ग काढला. ट्रेंट बोल्टने ऑगस्ट २०२२ मध्ये स्वतःहून केंद्रीय करारातून, म्हणजे मंडळाशी असलेल्या वार्षिक मानधनाच्या करारातून, मोकळे करण्याची विनंती केली, २०२४ मध्ये केन विल्यमसननेही करार नाकारला, आणि मंडळाने दोघांशीही संबंध न तोडता जमेल तेव्हा खेळण्याची मुभा दिली. बोल्ट त्यानंतरही विश्वचषकांत खेळला. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मध्ये या न्यूझीलंडने, बोल्टविना आणि जखमी विल्यमसनविना, भारतात येऊन आपल्याला ३-० ने हरवले. गहुंजेच्या मैदानावर मिचेल सँटनरने १३ बळी घेतले तेव्हा कोल्हापुरातून गाड्या करून गेलेले कितीतरी जण गॅलरीत बसून ते पाहत होते. बारा वर्षांनी भारताने घरची कसोटी मालिका गमावली. खेळाडूला समजून घेणारे मंडळ दुबळे ठरत नाही, याचा याहून ठळक पुरावा मला माहीत नाही.

आता आपल्याकडे वळतो. भारतीय खेळाडूला ही निवड करावीच लागत नाही. आयपीएल चालू असताना भारताचे आंतरराष्ट्रीय सामने नसतात, आंतरराष्ट्रीय वेळापत्रकात तिच्यासाठी सुमारे अडीच महिन्यांची जागा मोकळी राखलेली असते, आणि निवृत्त झाल्याशिवाय आपल्या पुरुष खेळाडूंना परदेशी लीगमध्ये खेळण्याची परवानगी बीसीसीआय देत नाही. लीग आणि देश यांचा मालक एकच असल्यावर दोघांत भांडण होणार कसे? ज्यांना कधीच निवडावे लागले नाही, अशा खेळाडूंचे दाखले देऊन आपण पूरनला धडे देतो, हे मला खटकते.

आपल्याकडे थोडासा ताण आला तो रणजीच्या बाबतीत, आणि तेव्हा मंडळाने काय केले ते महत्त्वाचे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रेयस अय्यर आणि ईशान किशन यांना केंद्रीय करारातून वगळण्यात आले आणि देशांतर्गत सामने टाळण्याचा तो परिणाम मानला गेला. ही झाली शिक्षा. पण पुढच्याच महिन्यात मंडळाने कसोटीसाठी प्रोत्साहन योजना आणली, आणि तिची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली. कसोटीच्या १५ लाखांच्या मानधनाव्यतिरिक्त, हंगामातल्या ७५ टक्क्यांहून अधिक कसोटी खेळणाऱ्याला प्रत्येक सामन्यामागे आणखी ४५ लाख रुपये मिळणार, अशी ती योजना. कसोटीची गोडी टिकवायची तर पैसे मोजावे लागतात, हे जगातल्या सर्वात श्रीमंत मंडळाने स्वतःच्या घरात मान्य केले. मग जमैका, त्रिनिदाद आणि बार्बाडोसच्या मुलांनी ती गोडी फुकट टिकवावी, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. एसए-ट्वेंटीचे सहाच्या सहा संघ आयपीएलच्या संघमालकांकडे आहेत आणि पूरनने ज्या संघाला अमेरिकेत विजेतेपद मिळवून दिले तो संघही त्याच घराण्यातला. आयसीसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या, २०२४ ते २०२७ या काळातल्या उत्पन्नापैकी ३८.५ टक्के वाटा एकट्या भारताचा. प्रेक्षक आपले, जाहिराती आपल्यासाठी, त्यामुळे मोठा वाटा आपल्याला मिळावा हे मला मान्य आहे. पण कसोटी खेळणाऱ्या इतर देशांचे खेळाडू आपल्या पैशाकडे ओढले जातात आणि त्या देशांच्या मंडळांकडे त्यांना राखायला काही उरत नाही, ही त्याच हिशेबाची दुसरी बाजू आहे. २०२४ मध्ये कसोटीसाठी स्वतंत्र निधी उभारून प्रत्येक खेळाडूला किमान मानधन देण्याची कल्पना आयसीसीच्या वर्तुळात चर्चेला आली होती. तो निधी उभा राहिला पाहिजे आणि त्यात सर्वात मोठी रक्कम बीसीसीआयने घातली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. समोर खेळायला दमदार संघच उरले नाहीत, तर भारताने घरी जिंकलेल्या कसोटी मालिकांना काय किंमत राहणार?

एक काम तर त्याहून सोपे आहे आणि ते सर्वस्वी आपल्या हातात आहे. २०२५ च्या हंगामापासून आयपीएलने नियम केला की, लिलावात निवड झाल्यानंतर दुखापतीसारख्या कारणाशिवाय माघार घेणाऱ्या परदेशी खेळाडूवर दोन हंगामांची बंदी घालावी. संघांची आखणी ऐनवेळी कोलमडू नये, हा त्यामागचा हेतू रास्त आहे. मार्च २०२५ मध्ये इंग्लंडच्या हॅरी ब्रूकने दिल्लीचा ६ कोटी २५ लाखांचा करार सोडला. इंग्लंडकडून खेळण्याला आपले प्राधान्य आहे आणि पुढच्या मालिकांची तयारी करायची आहे, हे कारण त्याने उघडपणे सांगितले. त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. पुढच्याच महिन्यात इंग्लंडने त्याला मर्यादित षटकांच्या संघाचा कर्णधार नेमले. जो खेळाडू आपल्या अपेक्षेप्रमाणे वागला, पैसा सोडून देशाकडे गेला, त्याला आपल्याच लीगने दंड केला. मंडळाला खेळाडूची देशनिष्ठा खरोखर मोलाची वाटत असेल, तर दुखापतीइतकेच देशाच्या संघाचे कारणही या नियमाला अपवाद मानावे, संबंधित देशाच्या मंडळाचे पत्र त्यासाठी पुरेसे धरावे आणि ही दुरुस्ती पुढच्या लिलावाच्या आत करावी.